पायी चालणाऱ्यांची यादी

आपल्याकडून केनिया-टांझानियाला जाऊन आलेल्या कुणालाही भेटा, तिसऱ्या वाक्याला 'बिग फाइव्ह' येतंच. "चार झाले, बिबट्या तेवढा राहिला बघ!" हे अशा सुरात सांगतात की जणू पंढरपूरला जाऊन नुसता कळस बघून परत आलेत. पाच म्हणजे हत्ती, गेंडा, सिंह, बिबट्या आणि केप बफेलो, म्हणजे तिकडचा रानरेडा.

आता ही यादी जरा नीट बघा. 'बिग' म्हणावं तर जिराफ कुठाय? टन-दीड टनाचा पाणघोडा यादीत नाही आणि साठ किलोचा बिबट्या मात्र आहे. बरं, सगळ्यात जास्त माणसं मारणारे म्हणावेत तर पाणघोडा आणि मगर दोघंही बाहेर. दुर्मिळ म्हणावेत तर रेड्यांचे हजारहजाराचे कळप असतात. देखणे म्हणावेत तर... रेडा? तुम्ही कुठल्याही कॉलमवर सॉर्ट करा, हे पाच एकत्र वर येत नाहीत.

कारण ज्या कॉलमवर ही यादी लावली होती, तो कॉलमच आपल्या जीपमधून दिसत नाही. ही यादी प्रवाशांची नाहीच, ती शिकाऱ्यांची. प्रश्न असा होता: पायी चालत, जवळ जाऊन ज्याची शिकार करणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जिवावरचं, असे प्राणी कुठले? पाणघोडा बाद, कारण तो नदीत असतो आणि तुम्ही काठावर उभं राहून बार काढू शकता. मगरीचंही तेच. जिराफ तर उलटून येतच नाही. उरले पाच.

आधीच सांगतो, मी शिकारीचं समर्थन करायला बसलेलो नाही. पण एखाद्या शब्दाचा इतिहास काढायचा तर तो जिथून आला तिथे जावं लागतं. आणि हा शब्द आला पायांतून.

पायीच का? आपल्याकडे शिकार म्हटली की डोळ्यांसमोर येतो हौद्यात बसलेला महाराजा किंवा मचाणावरचा साहेब. खाली हाकारे डबे वाजवतायत, जनावर समोर येतंय, वरून बार. मग आफ्रिकेतच साहेब पायी का चालायला लागला? तर त्याचं बरंचसं श्रेय एका माशीला आहे. त्सेत्से माशी. ही चावली की घोडे आणि बैल नगाना नावाच्या रोगाने मरतात. (आपल्याकडे घोड्या-उंटांना होणारा सर्रा हा याचाच चुलतभाऊ.) डेव्हिड ब्रूस या डॉक्टरने १८९५ च्या सुमारास झुलुलँडमध्ये या रोगाचा जंतू शोधला, पण माशीच्या पट्ट्यात जनावर नेलं की ते परत येत नाही हे तिथल्या लोकांना आधीपासून पक्कं माहीत होतं. आणि हत्ती नेमके त्याच पट्ट्यात. म्हणजे बैलगाडी बाहेर सोडायची, घोडा बाहेर सोडायचा आणि पुढे चालायचं.

फ्रेडरिक सेलूस असाच चालला. हा लंडनचा मुलगा १८७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खिशात चारशे पौंड घेऊन दक्षिण आफ्रिकेत उतरला. पुढच्या वर्षी तो आजच्या झिंबाब्वेत, एन्डेबेले लोकांचा राजा लोबेंगुला याच्यासमोर हत्तींच्या शिकारीची परवानगी मागायला उभा राहिला. राजा हसला. तू नक्की हत्तीच मारायला आलायस ना, की त्या पिटुकल्या स्टीनबक हरणांना, अशा अर्थाचं काहीतरी त्याने विचारलं. शेवटी, हा कसला हत्ती मारतोय, या हिशोबाने परवानगी देऊन टाकली.

सेलूसची बंदूक होती ठासणीची, फोर-बोअर. म्हणजे एका पौंडात चार गोळ्या बसतील एवढी एकेक गोळी, सव्वाशे ग्रॅमच्या जरा आत. मूठभर दारू हातानेच आत ओतायची. या तोफेचा धक्का इतका जबरदस्त होता की आपल्या नेमबाजीवर त्याचा कायमचा परिणाम झाला असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. तरी त्याच बंदुकांनी त्याने १८७२ ते १८७४ या काळात ७८ हत्ती मारले. अशा बंदुकीने लांबून नेम धरणं शक्यच नव्हतं. जवळ जायचं, एक बार काढायचा, आणि तो फसला तर परत बंदूक ठासेपर्यंत पळायचं. 'अवघड' या शब्दाचा मूळ अर्थ हा आहे.

तीसेक वर्षांनी चित्र बदललं. धूर न करणारी दारू आली, मॅगझिनची रायफल आली. आणि वॉल्टर बेल आला. हा स्कॉटिश माणूस युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा भागात इतका हिंडला की त्याचं नावच 'करामोजो' बेल पडलं. त्याच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे त्याने १,०११ हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे सात मिलिमीटरच्या रायफलने, जिची गोळी अकरा ग्रॅमच्या आसपास होती. सेलूसच्या गोळीच्या एक दशांश! बेलने केलं काय, तर हत्तीच्या कवट्या करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते बघितलं. हत्तीचं डोकं प्रचंड दिसतं खरं, पण त्यातलं बरंचसं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ हाड असतं आणि मेंदू त्यात खोल, पावाच्या मोठ्या लादीएवढा. कुठल्या कोनातून बघितल्यावर तो कुठे येईल हे समजलं की लहान गोळीही पुरते.

पण माझ्या डोक्यात राहिलेला बेलचा आकडा हा नाही. त्याचा हिशोब होता की एका सुळेवाल्या नरामागे त्याला सरासरी ७३ मैल चालावं लागलं. सुमारे ११७ किलोमीटर. म्हणजे साधारण पुण्याहून निघून साताऱ्याच्याही पुढे, काट्याकुट्यातून, आणि मग एक गोळी. नेमबाजी शेवटच्या दोन सेकंदांची. बाकी सगळं चालणं आणि जमिनीकडे बघणं.

आता नीट विचार करा. जमिनीकडे कोण बघत होतं?

पायी शिकारीची रांग कशी असते ते बघू. सगळ्यात पुढे माग काढणारा, ट्रॅकर. त्याच्या हातात भाला, काठी किंवा काहीच नाही. त्याच्यामागे रायफलवाला साहेब. त्याच्यामागे दुसरी बंदूक घेतलेला माणूस, गनबेअरर. मग पाणीवाले, ओझीवाले. ट्रॅकर खाली बघत चालतो. ठसा बघून जनावर नर की मादी, म्हातारं की तरुण, किती वेळापूर्वी गेलं, चरत चाललंय की घाबरून सुटलंय, हे सगळं तो सांगतो. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की साधारण त्याची खांद्यापर्यंतची उंची येते. (आपल्याकडच्या माहुतांनाही हे गणित ठाऊक असतं.) लेंड्यात हात घालून ऊब बघायची. तुटलेल्या फांदीचा चीक सुकलाय का बघायचं. छोट्या पुरचुंडीतली राख जरा झटकून वारा कुठून येतोय ते बघायचं, कारण हत्तीला माणूस दिसायच्या कितीतरी आधी त्याचा वास येतो.

म्हणजे 'पायी शिकारीला सर्वात अवघड' हे जे काही अवघड होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त या पुढच्या माणसाच्या वाट्याचं होतं. आणि संकटाच्या सगळ्यात जवळही तोच.

प्रत्येक जनावराचं अवघड वेगळं. काळ्या गेंड्याची नजर फार अधू. म्हणजे सोपा? अजिबात नाही. त्याच्या पाठीवर गोचिडी खाणारे ऑक्सपेकर पक्षी बसलेले असतात आणि माणूस दिसला की ते कलकलाट करतात. स्वाहिलीत या पक्ष्याचं नावच 'अस्कारी वा किफारू', गेंड्याचा पहारेकरी. २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाठीवर पक्षी नसलेल्या गेंड्यांना जवळ येणारा माणूस २३ टक्के वेळाच कळला, तोही सरासरी २७ मीटरवर. पक्षी असताना प्रत्येक वेळी कळला, ६१ मीटरवर! स्वाहिली बोलणाऱ्यांनी जे एका नावात सांगून ठेवलं होतं ते सिद्ध करायला आपल्याला २०२० उजाडावं लागलं. तर, गेंड्याकडे जायचं म्हणजे गेंड्याला नाही, पक्ष्यांना चुकवायचं.

रेड्याचं अवघड म्हणजे त्याची स्मरणशक्ती म्हणा की खुन्नस म्हणा. आपल्या म्हशीचा हा दूरचा नातलग, पण याला कुणीही कधी दावणीला बांधू शकलेलं नाही. जखमी रेडा दाट झाडीत शिरतो आणि कधीकधी वळसा घेऊन आपल्याच मागाच्या कडेला येऊन उभा राहतो. ट्रॅकर खाली बघत ठसे वाचत येतोय, आणि ठसे ज्याचे आहेत तो बाजूला दहा पावलांवर. बिचाऱ्या रेड्यांवर शिकाऱ्यांपेक्षा मोठं संकट मात्र वेगळंच आलं. १८८० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला बुळकांडी (हो, आपली गुरांची बुळकांडी) शिरली आणि १८९७ पर्यंत थेट केपला पोचली. गुरं मेली, गुरांवर जगणारी माणसं उपाशी मेली, आणि रेड्यांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. काही भागांत तर अंगावर जगायला जनावरच न उरल्याने त्सेत्से माशीसुद्धा मागे हटली. बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याची घोषणा व्हायला २०११ उजाडलं.

सिंहाचं अवघड म्हणजे वेग. शेवटचे पन्नास मीटर तो तीन-चार सेकंदांत कापतो. एक बार, फार तर दोन. त्या काळात अँटिबायोटिक्स नव्हती, त्यामुळे सिंहाच्या तावडीतून सुटलेली माणसं नंतर जखमा सडून मरायची. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा, त्याचा भाऊ जॉर्ज १९११ मध्ये केनियात असाच गेला. गंमत नाही पण विलक्षण गोष्ट अशी की त्याचा दुसरा भाऊ चार्ल्स १९२८ मध्ये आफ्रिकेतच रेड्याने मारला. एका घरातली दोन माणसं, यादीतली दोन जनावरं.

सिंहांचा विषय निघाला की त्सावो आलंच, आणि त्सावो आलं की आपली माणसं आली. मोंबासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी जवळजवळ ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातून. त्यातले सुमारे २,५०० तिथेच मेले, मुख्यतः रोगराईने. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना आयाळ नसलेले दोन सिंह रात्री तंबूंतून मजुरांना ओढून न्यायला लागले. पुलाचा इंजिनीयर होता जॉन पॅटरसन. त्याने पुढे पुस्तक लिहिलं आणि बळींचा आकडा १३५ पर्यंत नेला. २००९ मध्ये त्या सिंहांच्या हाडांचा आणि केसांचा रासायनिक अभ्यास झाला, तो ३५ च्या आसपास आला. दोघे सिंह आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून उभे आहेत.

पॅटरसन आधी हिंदुस्थानात नोकरी करून आलेला, त्यामुळे त्याने काय केलं असेल? मचाण बांधलं! पहिला सिंह ९ डिसेंबर १८९८ ला मचाणावरूनच मारला. पण दुसऱ्यासाठी शेवटी खाली उतरावंच लागलं. रात्री झाडावरून केलेल्या गोळीबारात तो जखमी होऊन निघून गेला होता. उजाडल्यावर रक्ताचा माग काढत पॅटरसन निघाला. पुढे स्थानिक ट्रॅकर, मध्ये तो स्वतः, मागे दुसरी बंदूक घेऊन माहिना नावाचा गनबेअरर. थोडं चालले आणि झुडपातून सिंह सरळ अंगावर आला. दोन गोळ्या खाऊनही येतच राहिला. पॅटरसनने दुसऱ्या बंदुकीसाठी मागे हात केला तर बंदूक नाही. माहिना बंदुकीसकट झाडावर! मग पॅटरसनही झाडावर. सिंहाचा मागचा पाय गोळीने मोडला होता म्हणून वाचला.

आता माहिनाला हसणं सोपं आहे. पण सिंह अंगावर येत असताना, दुसऱ्याच्या बंदुकीचा हमाल म्हणून, कुणी किती वेळ उभं राहावं अशी अपेक्षा आहे? माझं लक्ष मात्र रांगेतल्या पहिल्या माणसाकडे जातं. पॅटरसन सांगतो की ट्रॅकर बरोबर असल्याने आपल्याला मान वर ठेवून आजूबाजूला बघत चालता आलं. म्हणजे ट्रॅकरची मान खाली होती. साहेबाला सिंह दिसावा म्हणून तो स्वतः सिंह न बघता चालत होता. माहिनाचं निदान नाव आहे, झाडावर चढल्याबद्दल का होईना. ट्रॅकरचं तेही नाही. 'स्थानिक ट्रॅकर', बस.

उरला बिबट्या. वजनाने पाचांत सगळ्यात हलका, पण जखमी होऊन झाडीत शिरला की त्याच्यामागे जायला सगळ्यांचेच पाय जड व्हायचे. सिंह निदान गुरगुरून सांगतो तरी. बिबट्या शेवटच्या क्षणापर्यंत गप्प, आणि मग एकदम अंगावर. कार्ल एकली हा अमेरिकन माणूस म्युझियमसाठी प्राणी जमवायचा. १८९६ मध्ये सोमालीलँडमध्ये त्याने गोळीने जखमी केलेल्या बिबट्याने त्याच्यावर झेप घेतली आणि बंदूक हातातून उडाली. याने मूठ बिबट्याच्या घशात आत-आत कोंबली आणि गुडघ्यांनी छाती दाबून त्याला मारलं! हाच माणूस पुढे गोरिलांचे नमुने मारून आणल्यावर असा बदलला की त्यांच्यासाठी बेल्जियमच्या राजाच्या मागे लागला, आणि १९२५ मध्ये कांगोत अल्बर्ट नॅशनल पार्क जाहीर झालं. पुढच्या वर्षी तो तिथेच वारला, तिथेच पुरला.

इथे एक उपप्रश्न. 'अवघड' म्हणजे फक्त 'जीव घेणारं'च का? केनियाच्या अबरडेअर आणि माउंट केनियाच्या दाट ओल्या जंगलात बोंगो नावाचं एक हरण आहे, तांबूस रंगाचं, अंगावर पांढरे पट्टे. कान हे एवढे मोठे. बांबूच्या झाडीत आवाज न करता चालणं अशक्य, आणि आवाज केला की बोंगो गेला. भल्याभल्यांनी आठवडे घालवले आणि शेपूटही दिसलं नाही. तरी बोंगो यादीत नाही, कारण तो मारत नाही, नुसता नाहीसा होतो. जंगलात राहणाऱ्या दोरोबो ट्रॅकर्सना विचारलं असतं तर त्यांनी बोंगोला बहुतेक पहिला नंबर दिला असता असं मला वाटतं. पण यादी करणारे ते नव्हते. यादी ज्याच्या हातात रायफल त्याची, त्यामुळे तिच्यात मोजली गेली ती भीती. चिकाटी मोजलीच नाही.

सगळ्यांनीच नावं गाळली असं नाही. बेलने आपल्या पुस्तकात प्यजाले या करामोजोंग ट्रॅकरबद्दल अगदी आपुलकीने लिहिलंय. पण हे अपवाद. बाकी पुस्तकांत 'माझा बॉय', 'माझी माणसं', एवढ्यावर भागतं. सेलूसच्या नावाने टांझानियात अफाट मोठं अभयारण्य होतं. २०१९ मध्ये त्याचा मोठा भाग वेगळा काढून त्याला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांचं नाव दिलं. ठीकच झालं. पण सेलूसच्या पुढे चालणाऱ्याच्या नावाने एखादी पायवाटसुद्धा नाही.

आणि जे साहेबाशिवाय चालत होते त्यांचं काय झालं? केनियात त्सावोच्या पूर्वेला वालियांगुलू नावाची जमात. (ते स्वतःला वाटा म्हणवतात.) हे लोक हत्तीची शिकार धनुष्यबाणाने करायचे. धनुष्य असं की ते ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागायचा. बाणाच्या टोकाला अकोकँथेरा झाडाचं विष. आपलं करवंद आणि कण्हेर ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड, आणि त्याचं विष थेट हृदयावर काम करतं. वाऱ्याच्या खालच्या अंगाने, हत्तीच्या अगदी थोड्या पावलांवर जाऊन बाण सोडायचा. ना ठासणी, ना मॅगझिन, ना मागे दुसरी बंदूक. आमच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे पायी आणि जवळ जाऊन, याहून शुद्ध उत्तर मिळणं कठीण.

पण त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. साहेब पैसे भरून मारायचा, तो स्पोर्ट्समन. वालियांगुलू मारायचा, तो पोचर. अर्थात वालियांगुलू काही नुसते पोटासाठी मारत नव्हते, हस्तिदंत व्यापाऱ्यांकडे जायचं हेही खरं. १९५६-५७ मध्ये डेव्हिड शेल्ड्रिक आणि बिल वुडली यांनी त्सावोत मोठी मोहीम काढली आणि बहुतेक सगळे नामांकित शिकारी तुरुंगात गेले. त्यांच्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाचं नाव इतिहासात राहिलं, गालोगालो काफोंडे. का राहिलं? पुस्तक लिहिलं म्हणून नाही, 'वाँटेड' होता म्हणून. मोहिमेमागचा हेतू हत्ती वाचवण्याचा होता आणि मला तो चुकीचा वाटत नाही. पण एक अख्खी विद्या त्याबरोबर गेली, आणि ती गेल्याचं कुणी फारसं मोजलं नाही. पुढे १९७०-७१ च्या दुष्काळात त्याच त्सावोत हजारो हत्ती भुकेने मेले.

पायी चालण्याची अट तोवर सैल व्हायला लागलीच होती. १९२८ च्या सुमाराला सेरेंगेटीत लोक मोटारीतून सिंह मारायला लागले तेव्हा डेनिस फिंच हॅटन या शिकाऱ्याने लंडनच्या टाइम्समध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे जे चालणं माशीने लादलं होतं, ते आता प्रतिष्ठेचा नियम झालं होतं. पण शेवटी चालणंही वाचवू शकलं नाही. केनियात माकुएनी भागात शेतीला जागा मोकळी करायची म्हणून जे. ए. हंटर या एका माणसाने सरकारी हुकमावरून १९४४ ते १९४६ या दोन वर्षांत ९९६ गेंडे मारले. १९७० ला आफ्रिकेत सुमारे ६५,००० काळे गेंडे होते. १९९५ पर्यंत जेमतेम २,४०० राहिले. त्यांना मारणारे पोचर होते, ऑटोमॅटिक बंदुका घेतलेले. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली.

शिकार गेली, यादी राहिली. रायफलच्या जागी कॅमेरा आला, पायांच्या जागी जीप. दक्षिण आफ्रिकेने तर ती नोटांवरच छापली: दहा रँडवर गेंडा, वीसवर हत्ती, पन्नासवर सिंह, शंभरवर रेडा, दोनशेवर बिबट्या. साठ किलोवाला सगळ्यात महाग, हे मात्र जुन्या शिकाऱ्यांनाही पटलं असतं.

आता शेवटची गोष्ट, आणि खरं सांगायचं तर हिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

लुई लिबेनबर्ग नावाचा दक्षिण आफ्रिकन माणूस कलाहारीतल्या सान लोकांबरोबर माग काढायला शिकला. १९९० मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं, त्यातला दावा असा की माग काढणं हेच विज्ञानाचं मूळ. म्हणजे खुणा बघायच्या, अंदाज बांधायचा, पुढची खूण कुठे असेल ते सांगायचं, नसली तर अंदाज बदलायचा. (रात्री दोन वाजता सर्व्हरचे लॉग वाचत बसलेल्या कुणालाही हे पटेल. क्रॅश होऊन गेलेला असतो, समोर नुसते ठसे.) अडचण ही की सगळ्यात चांगल्या ट्रॅकर्सना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना जे दिसायचं ते कुठेच नोंदलं जात नव्हतं. मग १९९६ च्या सुमाराला लिबेनबर्ग आणि केप टाउन विद्यापीठातला कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी जस्टिन स्टीव्हन्टन यांनी सायबरट्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर केलं. पामपायलट, जोडीला जीपीएस, आणि स्क्रीनवर अक्षरं नाहीत, फक्त चित्रं. गेंड्याचं चित्र, झाडाचं चित्र, खातोय, झोपलाय, ताजा ठसा, जुना ठसा. बोट लावा, नोंद झाली.

कारू नॅशनल पार्कमध्ये कारेल बेनाडी आणि जेम्स मिन्ये हे दोन ट्रॅकर ते यंत्र घेऊन काळ्या गेंड्यांमागे हिंडले. पायी. गेंडा कधी काय खातो याच्या नोंदी त्यांनी स्वतःच्या स्वतः गोळा केल्या. १९९९ मध्ये 'पॅकिडर्म' या हत्ती-गेंड्यांवरच्या नियतकालिकात त्यावर लेख आला. लेखकांच्या नावांत लिबेनबर्गच्या बरोबरीने बेनाडी आणि मिन्ये. ज्यांना आपलं नाव वाचता येत नव्हतं, त्यांची नावं लेखक म्हणून छापून आली.

पामपायलट केव्हाच इतिहासजमा झाला. सायबरट्रॅकर मात्र अजून वापरात आहे, आता फोनवर. काळे गेंडेही हळूहळू वाढून सहा हजारांच्या वर गेलेत. आणि आजही त्यांच्यामागे रोज कुणीतरी पायी चालतं, मान खाली घालून, वारा बघत, ऑक्सपेकरना चुकवत. फरक एवढाच की आता तो माग गेंडा जिवंत आहे का ते बघायला काढलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'बिग फाइव्ह झाले का?' विचारलं तर जीपच्या ड्रायव्हरशेजारी बसलेल्या, मातीकडे बघत "इकडे वळा" म्हणणाऱ्या माणसाचं नाव विचारून ठेवा. यादीत तो कधीच नव्हता. पण त्याच्याशिवाय यादीही झाली नसती.